गेमला जुनी धून लावायची की नवीन चाल बांधायची? परत परत विचारले जाणारे प्रश्न

मी मालवणपासून थोडं आत एका वाडीत राहतो आणि छोट्या मोबाइल गेम्सना म्युझिक करून देतो. दिवसभर कानावर हेडफोन असतो आणि रात्री देवळात भजन असलं की पेटीवर बसतो. गणपतीत चाकरमानी गावाला आले की त्यांची मुलं, कॉलेजात गेम बनवणारे त्यांचे मित्र, आमच्या भजनातले दोघंतिघं, सगळे फिरून फिरून तेच विचारतात, मग वर्षभर मेसेजही येत राहतात, म्हणून म्हटलं एकदा नीट बसून सगळं लिहूनच काढू.

सरळ सांग ना, जुनी धून वापरणं म्हणजे चोरी का?

मला तसं अजिबात वाटत नाही, म्हणजे हक्काचा भाग वेगळा, तो खाली येईलच, पण कला म्हणून बघितलं तर जुनी चाल घेण्यात कमीपणा काहीच नाही. आमच्याकडे डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा समोरासमोरचा सामना, ज्यांनी रात्रभर बसून ऐकलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. बुवा एखाद्या जुन्या सिनेमातली चाल उचलतो, गौळणीचे शब्द तिच्यावर बसवतो, आणि पहिली ओळ पडली रे पडली की मांडवातली निम्मी माणसं मान वर करतात, कारण त्यांना काहीतरी ओळखीचं भेटलेलं असतं. पण खरी परीक्षा त्याच्यापुढे सुरू होते. पखवाजवाला काय उत्तर देतो, बुवा ती चाल कुठे मोडतो, कुठे स्वतःचा गजर घुसवतो, त्यावर बारी ठरते. रात्रभर नुसत्या फिल्मी चालीच वाजवल्या तर लोक चहाच्या टपरीवर जाऊन बसतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

गेमचं तसंच आहे. जुनी धून म्हणजे ऐकणाऱ्याच्या आठवणीतून उसनं घेणं. घ्या, पण थोडं घ्या, योग्य जागी घ्या, आणि त्याच्याजवळ आधी नव्हतं असं काहीतरी त्याला द्या. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, खाली तेच वेगवेगळ्या बाजूंनी येईल.

जुनी धून म्हणजे नक्की कुठली? सगळे वेगवेगळं बोलतात.

हो, आणि निम्मी भांडणं त्यातूनच होतात. एक म्हणजे गेमच्या स्वतःच्या मालिकेतली थीम. ड्रॅगन क्वेस्ट या जपानी गेम-मालिकेची ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीची धून, कोइची सुगियामांनी १९८६ च्या पहिल्या गेमसाठी केली, ती पुढच्या मुख्य गेम्समध्येही येत राहिली, आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनात खेळाडूंचं संचलन सुरू झालं ते त्याच धुनेवर. फायनल फँटसीची ती वर चढत जाऊन खाली उतरणारी प्रिल्यूड, नोबुओ उएमात्सुंची, १९८७ पासून सोबत आहे. हे घरचं देणं झालं, ते कोणी परकं म्हणणार नाही.

दुसरी म्हणजे लोकगीतं नाहीतर खूप जुनं शास्त्रीय संगीत. टेट्रिसचं म्हणून जे सगळं जग गुणगुणतं ते कोरोबेनिकी नावाचं रशियन लोकगीत आहे, शब्द निकोलाय नेक्रासोव्हच्या १८६१ च्या कवितेतले. १९८९ च्या गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावरच्या टेट्रिससाठी हिरोकाझू तानाकांनी ते बसवलं, आणि त्याच गेममधल्या दुसऱ्या एका पर्यायात चक्क बाखची रचना आहे. पैशाने हक्क घेऊन वापरलेली तयार गाणी ही तिसरी, उदाहरणार्थ २००२ च्या जीटीए व्हाइस सिटी या गेममध्ये गाडी चालवताना लागणारा रेडिओ. आणि चौथी जिला लोक उगाच जुनी म्हणतात ती, म्हणजे चाल नवीकोरी पण आवाज जुन्या टीव्ही गेमचा. या चारही गोष्टींचे फायदेतोटे एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की नुसतं ‘जुनं चांगलं की वाईट’ विचारलं तर मला उत्तरच देता येत नाही.

मारिओचं म्युझिक इतकं डोक्यात का बसलंय? आत्ताचं का बसत नाही?

आमच्या घरी टीव्ही गेम आला तेव्हा त्याच्याबरोबर पिवळी कॅसेट होती, वर ९९९९ गेम लिहिलेले, आत खरे दहाबारा. पावसाळ्यात लाइट जायची, मग आली की परत पहिल्यापासून, परत तीच धून. शेजारची चार मुलं आळीपाळीने खेळायची, म्हणजे एका दुपारी तीच दोन मिनिटं किती वेळा ऐकली असतील याचा हिशोबच नाही. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच मांडलेलं की एखादी गोष्ट नुसती परत परत समोर आली तरी माणसाला ती आवडायला लागते. शिवाय दहाबारा वर्षांपासून ते विशीच्या अलीकडेपलीकडे ऐकलेलं संगीत माणसाला आयुष्यभर जास्त आठवतं. तेव्हा थोडं श्रेय त्या वयाला द्यावंच लागतं.

पण सगळं श्रेय वयाला देणाऱ्यांशी मी भांडतो. तसं असतं तर त्या कॅसेटमधल्या प्रत्येक गेमची धून आठवली असती, आठवतात फक्त दोनतीन. सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ चा, संगीत कोजी कोंडोंचं. त्या यंत्राकडे आवाजाच्या पाचच वाटा होत्या, दोन चौकोनी लाटेच्या, एक त्रिकोणी लाटेची जिच्यावर खर्ज चालायचा, एक नुसत्या खरखरीची जिच्यावर ताल, आणि एक छोटे रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवायला. वर उडी मारल्याचा आवाज आला की त्यातलीच एखादी वाट तेवढ्यापुरती गाण्यातून काढून घ्यायची. एवढ्यात लपायला जागाच नसते, पेटीच्या दोन स्वरांत गाणं उभं करण्यासारखं ते, चाल कच्ची असेल तर लगेच उघडी पडते. आणि कोंडोंनी ती मारिओच्या पळण्या-उड्या मारण्याच्या ठेक्याला धरून बांधली, म्हणून ती हाताला पण आठवते, नुसती कानाला नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत ती घेतली, गेमचं संगीत त्या यादीत जायची ती पहिलीच वेळ.

आणि आत्ताचं बसत नाही हे खरंच नाही. माझ्या भाच्याला पब्जीच्या लॉबीचं म्युझिक दोन सेकंदात ओळखता येतं, २०२० मध्ये तो गेम बंद झाला तेव्हा तो सातवीत होता. त्याची पिवळी कॅसेट तीच.

मोठमोठे लोकसुद्धा तयार धून घ्यायला जायचे असं ऐकलं, खरंय?

खरंय, आणि मला ही गोष्ट सांगायला फार आवडतं. १९८६ चा झेल्डा, त्या साहसी गेम-मालिकेतला पहिला. मारिओवाल्या कोंडोंना सुरुवातीला रॅव्हेल या फ्रेंच संगीतकाराची बोलेरो ही रचना वाजवायची होती, गेम जवळजवळ तयार होता, आणि शेवटी लक्षात आलं की त्याचे हक्क अजून संपलेले नाहीत, कारण रॅव्हेल गेला १९३७ मध्ये आणि मुदत थोडक्यात उरलेली. मग त्यांनी एका रात्रीत गेममधलीच आपली धून सुरुवातीसाठी बसवली. तीच आज झेल्डाची ओळख आहे. बोलेरो घेतला असता तर गेम वाईट झाला असता असं नाही, पण ऐकणारा प्रत्येक वेळी रॅव्हेलकडे गेला असता, झेल्डाकडे नाही, आणि नंतर तीसपस्तीस वर्षं ज्या धुनेवर त्या मालिकेतले इतके गेम उभे राहिले ती धूनच जन्माला आली नसती.

सिक्वेल करतोय, पहिल्या भागाची थीम ठेवू की बदलू?

ठेव, पण तशीच्या तशी नको. इथे मी जरा जास्त लिहिणारे, कारण हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि इथे शिकण्यासारखी उदाहरणंही चिकार आहेत.

स्कायरिमचं घे. २०११ चा गेम, जेरेमी सोल यांचं संगीत. त्याच्या मुख्य गाण्यात पुरुषांचे दणदणीत आवाज आहेत, तीस जणांकडून तीनदा गाऊन घेऊन एकावर एक चढवले म्हणजे नव्वद जण गातायत असं वाटतं, भाषासुद्धा ड्रॅगनांची बनवलेली. आणि त्या सगळ्या आवाजाच्या मधोमध त्याच मालिकेतल्या आधीच्या गेमची, २००२ च्या मॉरोविंडची, धून बसलीय. ज्याने जुना गेम खेळला नाही त्याला काही अडत नाही, त्याला ते नवीनच वाटतं, आणि ज्याने खेळला त्याच्या अंगावर काटा येतो. दोघांनाही पुरतं. जुनी थीम वापरताना मी स्वतःला नेहमी हेच विचारतो, की ज्याच्याकडे आठवण नाही त्याचं पोट यात भरतं का?

हेलो या गेम-मालिकेचं उलटं झालं. २००१ मध्ये मार्टिन ओडोनेल आणि मायकल साल्व्हाटोरी यांनी मठातल्या साधूंसारखं गाणं सुरुवातीला ठेवलं आणि तोच त्या मालिकेचा चेहरा झाला. २०१२ च्या चौथ्या भागात संगीतकार बदलला, ओळखीचा आवाज बराच मागे गेला, नवीन काम वाईट नव्हतं, मी आजही ऐकतो, पण खेळणाऱ्यांना घरात शिरल्यासारखं वाटेना. २०२१ च्या भागात जुना आवाज परत आला. म्हणजे नवीन करणं हीच आपोआप हिंमत असं नसतं, कधीकधी माणूस ज्या दाराने रोज आत येतो ते दार तुम्ही भिंत घालून बंद केलेलं असतं.

पण माझ्या सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे २०१७ चा ब्रेथ ऑफ द वाइल्ड. झेल्डा म्हटल्यावर लोकांना मैदानात घोड्यावरून जाताना तीच ती वीरश्रीची धून हवी होती, आणि त्यांनी काय केलं, तर नुसता पियानो, तोही मध्येच चार स्वर आणि मग गप्प, गवताचा वारा. किती लोक तेव्हा वैतागले. त्या गेममध्ये एक मोडकळीला आलेलं मंदिर आहे, तिथे जे वाजतं ती जुन्या भागातली काळाचं गाणं नावाची धून, पण इतकी संथ आणि मध्ये मध्ये इतकी तुटलेली की मला पहिल्या वेळी कळलंच नाही, दुसऱ्या वेळी जिना चढताना कळलं. देऊळ पडलंय तशी धूनपण पडलीय. जुनी धून वापरून नवीन अर्थ काढणं म्हणजे काय ते मला तिथे समजलं. आमच्याकडे एखाद्या बंद घराच्या पडवीत उभं राहिलं की जसं होतं तसं झालं मला.

रीमेकच असेल, म्हणजे गेमच जुना, तर सॉनिक मेनिया ऐक, २०१७ चा, टी लोपेसने जुन्या जागांच्या चाली नव्याने वाजवल्या आणि शेजारी पूर्ण नवीन जागांना नवीन चाली दिल्या, आणि खेळताना शिवण दिसत नाही.

दशावतार, नमन, आरती, असलं आपलं काही वापरलं तर चालेल ना? ते तर कोणाच्याच मालकीचं नाही.

चाल कोणाच्या मालकीची नाही हे बहुतेक वेळा बरोबर. पण कोणीतरी वाजवलेलं, गायलेलं रेकॉर्डिंग त्याचं असतं, किंवा ज्याने केलं त्या कंपनीचं. यूट्यूबवरून एखाद्या नाटकमंडळाचा तुकडा उतरवून गेममध्ये टाकणं हे चुकीचंच आहे, मग ती चाल दोनशे वर्षं जुनी असो. स्वतः वाजवा, नाहीतर वाजवणाऱ्याकडे जा, पैसे द्या, आणि गेममध्ये त्याचं नाव द्या, कारण आमच्या भागातल्या पखवाजवाल्या मामांना मी पहिल्यांदा गेममध्ये त्यांचं नाव दाखवलं तेव्हा त्यांनी तो फोन घरातल्या प्रत्येकाच्या हातात दिला होता.

दुसरी गोष्ट मला कायद्याहून मोठी वाटते. दशावतारात पेटी, पखवाज आणि झांज एवढ्यावर रात्र निघते. सुरुवातीला आडदशावतारात, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागात, गणपती येतो, संकासुर येतो, आणि कधी लय चढणार, कधी युद्ध लागणार हे समोर बसलेल्या पोराला न बघता कळतं. म्हणजे तिथे प्रत्येक ठेक्याला एक जागा आहे, अर्थ आहे. तो ठेका उचलून तुम्ही दुकानातून नाणी विकत घ्यायच्या स्क्रीनवर लावला, तर गावातल्या माणसाला ते टोचणार. शिमग्यात पालखी नाचवतानाचा ढोल हरल्याच्या स्क्रीनवर नको. आरतीची चाल तर मी गेममध्ये घालतच नाही, फक्त एकदा, गणपतीच्या दिवसाची लेव्हल होती तिथे लांबून, दुसऱ्या घरातून ऐकू आल्यासारखी, शब्दांशिवाय घातली होती. खेळून झाल्यावर आई म्हणाली, ‘शेजारी आरती लागली की काय.’ मला तेवढंच हवं होतं.

फिल्मी गाण्याची दहा सेकंदं घेतली तर परवानगी लागत नाही म्हणतात.

असा कुठलाही नियम नाही. दहा सेकंदांचा नाही, आठ मात्रांचा नाही, काही नाही. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रचनेचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत असतो आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो, आणि रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं. हे दोन हक्क वेगळे आहेत, माणसंही बऱ्याचदा वेगळी, म्हणजे एकाने हो म्हटलं तरी काम होत नाही.

रीतसर पैसे देऊन घेतलं तरी ते बहुतेक वेळा ठरावीक मुदतीपुरतंच असतं हेही लक्षात ठेवा. ॲलन वेक नावाचा गेम २०१७ मध्ये दुकानांतून काढावा लागला, कारण आतल्या गाण्यांची मुदत संपली, पुढच्या वर्षी नव्याने करार झाले तेव्हा परत आला. २०१८ मध्ये जीटीए फोरच्या रेडिओवरची कितीतरी गाणी अशीच गेली. एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही गत, तर आपण तिघंचौघं मिळून गेम करणाऱ्यांनी त्यात पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. वर कोणी तुमचा गेम खेळताना व्हिडिओ टाकला तर त्याच्या चॅनलवर दावा लागतो तो वेगळाच, म्हणून तर २०२० च्या सायबरपंक या गेममध्ये हक्काची गाणी बंद करायचं बटणच दिलंय.

क्लायंट म्हणतो त्या अमुक गाण्यासारखं पण थोडं वेगळं दे. काय करू?

मला हे एकदा फार महाग पडलंय. शहरातल्या एका टीमने एक गाणं पाठवलं, म्हणाले सेम टू सेम नको पण हेच वाटलं पाहिजे, मी नवखा होतो, दोन स्वर इकडचे तिकडे करून दिलं, गेमचा ट्रेलर टाकला आणि दोन दिवसांत हक्काचा दावा येऊन त्याचा आवाज बंद झाला. पैसे अर्धे राहिले ते राहिलेच, पण त्याहून जास्त मला माझीच लाज वाटली.

आता मी फोनवरच विचारतो, यातलं तुम्हाला नक्की काय आवडतं? लय? बासरीचा आवाज? मध्येच सगळं थांबतं ते? सुरुवातीला एकटाच आवाज आहे ते? माणूस विचार करायला लागतो आणि शंभरातल्या नव्वद वेळा त्याला चाल नकोच असते, त्याला तो वेग किंवा तो मोकळेपणा हवा असतो. तो घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. मग ते मूळ गाणं परत ऐकायचं नाही, अजिबात नाही, निदान चाल तयार होईपर्यंत.

नवीन चाल सुचते कशी? सुरुवात कुठून करायची?

गेमचा आवाज बंद करून अर्धा तास खेळायचं. बोटं कुठल्या ठेक्यात पडतायत ते बघायचं, टेबलावर टकटक करायची. होडीचा एक गेम होता आमचा, त्यात वल्हं मारायला स्क्रीन दाबायची, माणसं आपोआप एका संथ ठेक्यात दाबतात, एक दाब, मग लांब थांबा. तो थांबाच मला चाल देऊन गेला, सा रे म, आणि मग श्वास. तीन ते पाच स्वर बस झाले. ते पेटीवर काळी दोनमध्ये वाजवायचे, काळी एकमध्ये, पांढरी चारमध्ये, हळू, जलद, उलटे. उलटं हे गंमत म्हणून सांगत नाही, २०११ च्या झेल्डातलं देवीचं गाणं हे जुन्या अंगाई धुनेला उलट वाजवूनच केलेलं आहे.

माझी परीक्षा एकच. रात्री चाल केली, सकाळी दात घासताना आठवली नाही तर टाकून द्यायची. आठवली तर आईसमोर गुणगुणायची, आणि तिने ‘ह्यां खंयचां गाणां?’ विचारलं तर ते चांगलं, पण एखाद्या जुन्या गाण्याचं नाव घेतलं तर परत बसायचं, कारण नकळत उचललेली चाल आपल्याला स्वतःला कधीच ओळखू येत नाही.

आणि आता माझा सगळ्यात आवडता मुद्दा. तुमच्या नव्या चालीला आठवण नाही म्हणून तुम्ही जुनीकडे जाता ना? मग आठवण गेममध्येच तयार करा. टोबी फॉक्सचा अंडरटेल बघा, २०१५ चा. सुरुवातीच्या चित्रांवर एक छोटीशी साधी धून वाजते, मग तीच पुढे वेगवेगळ्या गाण्यांत, वेगळ्या वेषात येत राहते, आणि शेवटाकडे ती परत आली की खेळणाऱ्याचा गळा दाटतो. सहासात तासांपूर्वी जी त्याने पहिल्यांदा ऐकली ती त्याची जुनी धून झालेली असते. त्यासाठी बालपण लागलं नाही, कोणाचे हक्क लागले नाहीत. आमच्या होडीच्या गेममध्ये तीच सा रे म पहिल्या सकाळी पेटीवर आहे, वादळात फक्त खर्जात, आणि शेवटी धक्क्याला लागताना लहान मुलगी गुणगुणते. कुठल्यातरी अनोळखी मुलाने लिहिलं होतं की तिथे मी फोन बाजूला ठेवून थोडा वेळ बसलो. तो मेसेज मी अजून जपून ठेवलाय.

माझा लूप, म्हणजे परत परत वाजणारा तुकडा, दहा मिनिटांत कंटाळा आणतो, आणि जोडावर टक आवाज येतो.

टक येतो तो बहुधा एमपीथ्रीमुळे, त्या फाइलला पुढेमागे थोडी शांतता चिकटते, लूपसाठी ओजीजी नाहीतर वेव्ह वापरा. शेवटच्या स्वराची घुमणारी शेपटी कापू नका, ती लूपच्या सुरुवातीवर चढवा.

कंटाळ्याचं औषध लांबी वाढवणं नाही. एकच चाल तीनचार थरांत वेगवेगळी काढा, नुसती पेटी, मग ढोलकी, मग झांज, आणि गेममध्ये काय चाललंय त्याप्रमाणे थर चालूबंद करा. ही कल्पना फार जुनी आहे. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये खर्जाचे चारच स्वर आहेत, पण शत्रू कमी होत गेले की ते जलद होत जातात आणि छातीत धडधडायला लागतं. १९९१ मध्ये मंकी आयलंडच्या दुसऱ्या भागासाठी तर मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी खास यंत्रणाच बनवली, एका जागेतून दुसरीत गेलं की गाणं न तुटता वळायचं. आज ते एफमॉडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये घरबसल्या करता येतं. आणि मिक्स शेवटी फोनच्या स्पीकरवर ऐकाच, त्याला खर्ज जवळजवळ नसतोच, पखवाजाचा धुम जातो आणि फक्त थाप उरते.

जुन्या टीव्ही गेमसारखा आवाज वापरला तर ती नक्कल का?

नाही. आवाज म्हणजे वाद्य, पेटी वाजवली म्हणून कोणी कोणाची नक्कल करत नाही. फक्त गेमला तो शोभतो का बघा, नारळाच्या बागेत चौकोनी लाटेचा आवाज मला स्वतःला खुपतो.

आपल्याकडच्या गेम्समध्ये कोणी चांगलं काम केलंय?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी, २०२० चा, जरूर खेळा. संगीतकार ग्रीक, लिनोस त्सेलोस, आणि तरीही ते आपलं वाटतं, कारण त्याने तयार ओळखीची चाल न घेता आपल्याकडच्या वाद्यांशी स्वतःच्या चालीने ओळख करून घेतलीय.

कोकणचा आवाज हवा म्हणून लाटा टाकल्या, पण सगळं एकसारखं वाटतं.

लाटा म्हणजे सतत खरखर, लहान स्पीकरवर ती बाकीचं सगळं खाते. पर्यटनाच्या व्हिडिओत ऐकून ऐकून तीसुद्धा उसनी आठवण झालीय. त्यापेक्षा जे लोक रोज करतात ते ऐका. रहाटाचा कुरकुर, कौलांवरून पत्र्यावर पडणारं पाणी, सुपारी फोडायच्या अडकित्त्याचा कट्ट, गुरांच्या गळ्यातलं लाकडी लोढणं. वारा पडलेला असतो तेव्हा पहाटे रेकॉर्ड करा, फोनवर जुना लोकरी मोजा चढवला तरी वाऱ्याची फडफड बरीच कमी होते.

परवा मी रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढतात तिथे, गेलो होतो. माणसं दोरी धरून पाय मागे टाकतात, वाळूत टाच रुतते, आणि पुढचा कोणीतरी हाक घालतो, मग सगळे मिळून ओढतात. त्या हाकेला सूर नाही म्हणायचा तर आहे, प पासून घसरत सा पर्यंत येतो. मी तात्यांना विचारून रेकॉर्ड केलं, घरी येऊन मोजलं तर मिनिटाला छप्पन पावलं. वादळाच्या लेव्हलला गेले चार महिने चाल सुचत नव्हती, आता तीच छप्पनची लय धरून वरती पेटी लावून बघतोय.